पाचशे अठ्ठावीसपैकी पाचशे

बाबा कॅनडातल्या केंब्रिजच्या मोटारींच्या कारखान्यात क्वालिटीत होते. गाडीचा दरवाजा आणि त्याची चौकट यांच्यामधली फट बरोबर आहे की नाही, हे बघणं त्यांचं काम. कामावरून सुटले तरी ते काम सुटत नसे. ग्रोसरीला गेलो की पार्किंग लॉटमध्ये परक्यांच्या गाड्यांच्या दारांवरून नख फिरवत ते चालायचे, एखाद्या गाडीपाशी थांबायचे आणि "बघ, वरच्या अंगाला जास्त आहे" असं म्हणायचे. गाडीचा मालक येताना दिसला की मी आणि दादा दोन रांगा पलीकडे पळायचो. पोळीचा जाड काठ, ड्राइव्हवे शोव्हल करताना कडेला राहिलेला चार बोटं बर्फ, सगळं त्यांना दिसायचं. आमच्यावर त्यांनी कधी हात उगारला नाही, आवाज चढवला नाही. ते फक्त आकडा विचारायचे. गणितात अठ्ठ्याऐंशी पडले की "बारा कुठे गेले?" एवढंच, आणि उत्तर मिळेपर्यंत हातातला घास खाली ठेवून बसायचे. मग आम्ही सगळेच थांबायचो. आमटी गार व्हायची.

आई एका फार्मसीत गोळ्या मोजून बाटल्यांत भरायची. घरी आली की कोट न काढता आधी कुकर लावायची. हिवाळ्यात खिडक्या घट्ट बंद असायच्या, त्यामुळे फोडणीत मोहरी तडतडली की स्मोक अलार्म कोकलायला लागायचा, आणि स्टुलावर चढून पंच्याने वारा घालणं हे दादाचं काम होतं. तळघरातला ड्रायर धडधडतोय, वर अलार्म बोंबलतोय, दादा पंचा फिरवत हसतोय आणि आई "अरे हसतोस काय, खालचं लागतंय" म्हणून त्याच्यावरच ओरडतेय, हा आमच्या घराचा सूर. दादाचं नाव निनाद. माझ्याहून चार वर्षांनी मोठा, उंच, हातून वस्तू पाडणारा, आणि सगळ्यांना आवडणारा. एकदा शेजारचे म्हातारे गृहस्थ बर्फावरून घसरून पडले, तेव्हा अँब्युलन्स येईपर्यंत तो आपला कोट त्यांच्या अंगावर घालून नुसत्या शर्टावर त्यांच्याजवळ बसून राहिला, आणि त्यांच्याशी हॉकीच्या गप्पा मारत राहिला. दुसऱ्या दिवशी तापाने फणफणला. पण त्या दिवसापासून अँब्युलन्समध्ये काम करायचं त्याच्या डोक्यात बसलं. बाबांच्या डोक्यात डॉक्टर बसलेला होता.

मी हुशार होते. हे नम्रपणे सांगता आलं असतं तर बरं झालं असतं, पण त्या घरात नम्र राहून हुशार असणं परवडत नसे. माझे मार्क दादापेक्षा कायम जास्त, आणि माझं कौतुक कायम कमी. "ती घोकते, त्याला समजतं," असं बाबा पाहुण्यांना सांगायचे. दादाला काय समजतं हे त्यांनी कधी मोजलं नव्हतं. एवढी एक गोष्ट त्यांनी न मोजता मान्य केली होती, आणि त्याने माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

त्या उन्हाळ्यात दादाचा एमकॅटचा निकाल आला. इथे मेडिकलला जायचं तर आधी पदवीचा अभ्यास आणि बरोबर ही परीक्षा. ती नुकतीच बदलली होती. जुन्या परीक्षेचे मार्क पंचेचाळिसात असत, आमच्यातल्या मोठ्या मुलांचे आईबाप तेवढे जाणून होते. नवे आकडे कुणालाच माहीत नव्हते. दादा तळघरात ड्रायरला पाठ टेकून लॅपटॉप मांडीवर घेऊन बसला होता. मी ड्रायरमधले कपडे आणायला गेले, तर त्याने स्क्रीन माझ्याकडे वळवला. चार विषय होते: एकशे सत्तावीस, एकशे तेवीस, एकशे पंचवीस, एकशे पंचवीस. खाली बेरीज, पाचशे.

"कितीपैकी?" मी विचारलं. शेवटी मी बाबांचीच मुलगी.

"तसं नसतं ते," तो म्हणाला. मग त्याने मला नीट समजावलं, आणि त्याच्याइतकं नीट कुणी समजावलेलं मी नंतरही ऐकलं नाही. सगळी उत्तरं चुकली तरी चारशे बहात्तर मिळतात आणि सगळी बरोबर आली तर पाचशे अठ्ठावीस. पण हे मार्क नव्हेतच. "ही लाइन आहे, मुक्ता. इथली आणि अमेरिकेतली सगळी हुशार पोरं एका लाइनीत उभी केली, तर मी बरोब्बर मध्ये. अर्धे माझ्या मागे, अर्धे पुढे. अर्धी उत्तरं चुकली असं नाही, ओके? पण मेडिकलवाले पुढच्या टोकाचे घेतात. आणि ज्यात वाचून अर्थ लावायचा असतो, तो विषय ते खास बघतात. त्यात मला एकशे तेवीस. सो, आय अॅम डन."

"मग परत दे."

"नाही देणार. आय कान्ट." ड्रायर थांबला. तो हळू आवाजात बोलायला लागला. पॅरामेडिकच्या, म्हणजे अँब्युलन्सवरच्या कामाच्या, कोर्सला त्याला कॉलेजात जागा मिळाली होती. जानेवारीत सुरू होणार होता. ऑक्टोबरपर्यंत हो म्हणून कळवायचं होतं. "बाबांना आत्ता सांगितलं तर ते मला मारून मुटकून परत बसवतील. पण एकदा त्यांना वाटू दे की मी बरं केलं होतं. मी अप्लाय करीन. नकार आले की इथल्या लोकांनी घेतलं नाही, एवढंच राहील. त्यांना राग काढायला दुसरं कुणीतरी मिळेल. मग मी जाऊ शकेन. तू फक्त गप्प बस. प्रॉमिस?"

"प्रॉमिस," मी म्हणाले. त्या क्षणी ते मनापासून होतं.

रात्रीच्या जेवणाला बाबांनी विचारलं. दादा म्हणाला, पाचशे. कितीपैकी? पाचशे अठ्ठावीस. यातला एकही शब्द खोटा नव्हता. बाबांनी फोनवर भागाकार केला, परत केला, आणि चष्मा काढून पुसला. "चौऱ्याण्णव पॉइंट सात शून्य," ते म्हणाले. उरलेले कुठे गेले हे त्यांनी विचारलं नाही. आईने ताटावरून उठून शिरा केला, साजूक तूप हात सैल सोडून घातलेला. अलार्म वाजला. या वेळी पंचा घेऊन बाबा स्वतः स्टुलावर चढले. त्यांना असं काही करताना मी आधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही. पुण्याला फोन झाले. आत्या फोनवर रडली. दादा शिरा चिवडत माझ्याकडे बघत होता आणि मी मान डोलावली.

हे असंच निभावून गेलं असतं. पण आमच्या मंडळाचा गणपती आला, आणि गणपतीत गुणगौरव. एका शाळेचा हॉल भाड्याने घ्यायचा, बास्केटबॉलच्या जाळीखाली मखर मांडायचं, आरती, जेवण, नाटुकली आणि मधे गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार. त्याचा एक छापील फॉर्म होता. कुणीतरी आपल्या शाळेच्या आठवणीतून उतरवलेला: विद्यार्थ्याचे नाव, परीक्षा, मिळालेले गुण, पैकी, टक्के. बारावी असो, पियानोची परीक्षा असो की एमकॅट, सगळ्यांना एकाच रकान्यात बसवायचे आणि टक्क्यांच्या उतरत्या क्रमाने यादी लावायची. यात काही चुकतंय असं कुणालाही वाटत नसे. सगळे इंजिनिअर आणि डॉक्टर होते.

मी त्या वर्षी बारावी झाले होते. माझे टक्के चौऱ्याण्णव पॉइंट दोन शून्य. शाळेत पहिली. आमच्या दोघांचेही फॉर्म बाबांनीच भरले, सुवाच्य अक्षरात, एकाखाली एक ठेवून. दादा पहिला, मी दुसरी. अर्ध्या टक्क्याने. पहिल्याला शाल, नारळ आणि चांदीचं नाणं. दुसऱ्याला पेन.

आता इतक्या वर्षांनी लिहिताना मला वाटतं, एखाद्या मोठ्या कारणासाठी मी ते केलं असतं तर सांगायला तोंड तरी राहिलं असतं. कारण हे एवढंच होतं. पेन.

सत्कार झाला. दादाने शाल अंगावर घेऊन घाईघाईने नमस्कार केला आणि नारळ जवळजवळ पाडला. लोक हसले, प्रेमाने. मग पंगत म्हणजे लांब टेबलं आणि कप्प्यांच्या कागदी प्लेट्स. मसालेभात, पुऱ्या, बटाट्याची भाजी, श्रीखंड. आमच्यासमोर पेंढारकर काका येऊन बसले. ते भूल देणारे डॉक्टर, केव्हाचे इकडे आलेले आणि आता रिटायर झालेले. मंडळात त्यांचा शब्द शेवटचा. गुणगौरवाची यादी तेच वाचायचे.

"निनाद, आता तू इंटरव्ह्यूच्याच तयारीला लाग," काका म्हणाले. "चौऱ्याण्णव म्हणजे काय चेष्टा आहे? माझ्या मुलाच्या वेळी एवढे असते तर त्याने वाट्टेल तिथे अॅडमिशन घेतली असती." मग माझ्याकडे वळून, "आणि काय गं, अर्ध्या टक्क्याने हुकलीस! दादाकडून शीक जरा."

मी हसले. हसणं येत होतं मला.

"ती घोकते हो," बाबा पुरी मोडत म्हणाले. "त्याला समजतं."

टेबलावर कपांवर नावं लिहायला मार्कर ठेवला होता. "काका," मी म्हणाले, "त्या परीक्षेत एकही उत्तर बरोबर आलं नाही ना, तरी चारशे बहात्तर देतात."

"मुक्ता," दादा म्हणाला. एकदाच.

मी माझ्या प्लेटचा रिकामा कप्पा हाताने पुसला आणि त्यात लिहिलं. पाचशे अठ्ठावीस वजा चारशे बहात्तर, छप्पन. पाचशे वजा चारशे बहात्तर, अठ्ठावीस. छप्पनपैकी अठ्ठावीस. "म्हणजे पन्नास टक्के," मी म्हणाले, शाळेत फळ्यावर गणित सोडवताना म्हणायचे त्याच आवाजात. आकड्यांखाली दोन रेघाही मारल्या.

बाबांनी प्लेट ओढून घेतली. श्रीखंडाचा ओघळ आकड्यांकडे येत होता, तो त्यांनी अंगठ्याने अडवला. फोनवर पडताळून पाहिलं. मग दादाला विचारलं, "बरोबर आहे हे?"

"बाबा, तसं नसतं ते. दॅट्स नॉट हाऊ इट..."

"चारशे बहात्तर फुकट मिळतात की नाही? हो की नाही, एवढंच सांग."

दादाने माझ्याकडे बघितलं. लाइनीची गोष्ट मला ठाऊक होती. अर्धे मागे, अर्धे पुढे. निम्मी उत्तरं चुकलेली नाहीत. प्लेटवरचं माझं गणित बाबांच्या गणिताइतकंच चुकीचं होतं, आणि ते चुकीचं आहे हे त्या हॉलमध्ये फक्त आम्हा दोघांना माहीत होतं. मी ते एका वाक्यात सांगू शकले असते. मी भाताचा घास घेतला.

"हो," दादा म्हणाला.

बाबा उठले. पेंढारकर काका बिचारे त्यांचा हात धरायला गेले. "अहो, जाऊ दे हो, पोरं आहेत. घरी बोला काय ते." बाबा म्हणाले, "चूक लक्षात आल्यावर आम्ही गाडी पुढे सोडत नाही." आणि ते स्टेजवर चढले. तिथे नाटुकलीसाठी चिमुरडे उंदीर आणि मोर होऊन उभे होते. बाबांनी माइक हातात घेतला, चालू आहे का म्हणून टिचकी मारली, आणि फॉर्मवर लिहावं तशा स्वच्छ भाषेत सांगितलं की गुणगौरवाच्या यादीत एक चूक झाली आहे, चूक त्यांची स्वतःची आहे, चिरंजीव निनाद यांचे गुण चौऱ्याण्णव पॉइंट सात शून्य नसून पन्नास पॉइंट शून्य शून्य आहेत, आणि त्यामुळे प्रथम क्रमांक कुमारी मुक्ता हिचा आहे. पुऱ्या वाढणाऱ्या बायका पातेली धरून उभ्या राहिल्या. मागे कुणीतरी हसलं आणि लगेच खोकलं. मग बाबांनी आम्हा दोघांना वर बोलावलं.

दादा उठला. शाल काढून त्याने तिची नीट घडी केली, नाणं वर ठेवलं, आणि ते सगळं पुढे धरून चालायला लागला. मी त्याच्या मागून. मी जायला नको होतं. पोट दुखतंय म्हणून वॉशरूममध्ये जाऊन बसता आलं असतं. पण मला शाल हवी होती. काकांनी ती माझ्या खांद्यांवर घातली तेव्हा ती अजून गरम होती. लोकांनी टाळ्या वाजवल्या, कारण दुसरं काय करायचं हे कुणालाच सुचलं नाही. मी वाकून नमस्कार केला. माझा नारळ पडला नाही.

घरी येताना गाडीत आई एकदाच म्हणाली, "शिरा केला होता मी." दादा खिडकीकडे तोंड करून बसला होता. गॅरेजचं दार वर गेलं, गाडी आत गेली, दार खाली आलं, आणि बाबांनी इंजिन बंद करून विचारलं, "पुन्हा परीक्षा कधी आहे?" पॅरामेडिकच्या कोर्सचं बिंग त्याच आठवड्यात फुटलं. बाबांनी दादाला टेबलाशी बसवून कॉलेजला नकाराची ईमेल लिहायला लावली. "रुग्णाला उचलून दवाखान्यात नेण्यासाठी मी तुला शिकवलं नाही," असं म्हणून त्यांनी त्यातली एक स्पेलिंगची चूकही दुरुस्त केली.

त्याने परीक्षा आणखी दोनदा दिली. चारशे नव्व्याण्णव, मग पाचशे दोन. फ्रिजवर एक कागद लागला. त्यावर प्रत्येक वेळच्या आकड्यातून चारशे बहात्तर वजा केलेले असायचे आणि शेजारी टक्के. दूध काढायला गेलं की ते वाचावं लागायचं. वजाबाकीची ती रीत माझी होती. बाबांना मी खोडून सांगू शकले असते, रोज, दोन वर्षं. तिसऱ्या खेपेनंतर बाबांनी त्याला आपल्याच कारखान्यात लाइनवर चिकटवलं. दादा गाड्यांच्या दारांना रबर बसवायचा आणि त्याच गाड्या पुढे बाबांच्या हाताखाली यायच्या. संध्याकाळी जेवताना बाबा त्याला आकडे सांगायचे.

आज मी दिवसभर लोकांना त्यांचे आकडे समजावून सांगते. साखर, कोलेस्टेरॉल, गाठीचा आकार. हा आकडा म्हणजे काय आणि काय नव्हे, हे मी चांगलं सांगते असं माझे पेशंट म्हणतात. सांगण्याआधी मी दार लावून घेते आणि बरोबर आलेल्या नातेवाइकांना बाहेर बसवते. नर्सेसना वाटतं, मी फार काळजी घेते.

मी एमकॅट दिली तेव्हा मला पाचशे सोळा मिळाले. बाबांनी वजाबाकी केली. "अठ्ठ्याहत्तर पॉइंट सत्तावन्न," म्हणाले आणि टीव्ही लावला. पण मेडिकलवाल्यांना तेवढं पुरलं आणि मला इंटरव्ह्यूला बोलावणं आलं. मार्चमधल्या एका शनिवारी, सकाळी आठला, दीड तासाच्या अंतरावर. फ्रीझिंग रेन, म्हणजे पडताच रस्त्यावर गोठणारा पाऊस, पडत होता. मी गाडी चालवू नये म्हणून दादाने शिफ्ट बदलून घेतली आणि मला नेलं. वाटेत त्याने माझी तयारी घेतली. तो प्रश्न विचारायचा, मी उत्तर द्यायचे, आणि तो "थोडं स्लो, हसून बोल" असं म्हणायचा. तो फार चांगले प्रश्न विचारत होता. तीन वर्षं त्याने याचीच तयारी केली होती.

इंटरव्ह्यू म्हणजे एका कॉरिडॉरमध्ये ओळीने दारं. प्रत्येक दारावर एक कागद, तो वाचायला दोन मिनिटं, मग घंटा, आणि आत एक अनोळखी माणूस. पाचव्या दारावर लिहिलं होतं: जवळच्या माणसाला न रुचणारं सत्य तुम्हाला सांगावं लागलं, असा एक प्रसंग सांगा. मी दोन मिनिटं त्या कागदाकडे बघितलं. दुसरे प्रसंग मी पाठ केलेले होते, वाटेत म्हणूनही दाखवले होते. घंटा वाजली. आत निळ्या स्वेटरमधल्या एक बाई होत्या, चेहरा मायाळू. मी त्यांना सांगितलं की माझ्या मोठ्या भावाच्या परीक्षेच्या निकालाबद्दल घरच्यांचा गैरसमज झाला होता, आमच्या समाजात मुलांकडून फार अपेक्षा असतात, सगळे आनंदात होते, आणि तो आनंद मोडणं मला अतिशय जड गेलं, पण खोट्या आशेवर त्याचं आयुष्य जाऊ नये म्हणून मी धीर करून खरं सांगितलं. मग त्याच्या पाठीशी उभी राहिले. मी थोडं स्लो बोलले. शेवटी माझा आवाज भरून आला, आणि तो खराच भरून आला होता. बाईंनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाल्या, तुझा भाऊ नशीबवान आहे. त्या सगळ्या दारांत मी सर्वांत चांगली बोलले ती तिथेच, हे मला बाहेर पडतानाच कळलं होतं. मे महिन्यात प्रवेशाचं पत्र आलं.

त्या दिवशी पार्किंग लॉटमध्ये दादा हीटर लावून बसला होता. चार तास. मी दिसले तसा तो आतून वाकला आणि माझ्या बाजूचं दार उघडलं.

"कसं झालं? काय विचारलं?"

"नेहमीचंच," मी म्हणाले. "टीमवर्क वगैरे."

"अँड? चांगली गोष्ट सांगितलीस ना काहीतरी?"

"हो."

"गुड." तो खरंच खूश झाला. मागच्या सीटवरून त्याने आईने दिलेला डबा काढला. पुऱ्या आणि बटाट्याची भाजी. तो स्वतः काही न खाता माझ्यासाठी थांबला होता. "आधी तू खा. यू मस्ट बी स्टार्व्हिंग."

मला खरोखरच सपाटून भूक लागली होती. मी डबा चाटूनपुसून संपवला.